शटर कडेवर किती चढणार? किचनची ऑर्डर देताना समजलेल्या गोष्टी

स्वयंपाकघरासाठी दोन ठिकाणांहून कोटेशन आली आणि वरच्या कपाटांच्या ओळीपाशी मी अडले. खण तोच, ६०० मिलिमीटरचा. एका कागदावर त्याला २९७ मिलिमीटरची दोन शटर, म्हणजे कपाटाची दारं, होती, दुसऱ्यावर २७९ची. दोघेही अनुभवी, दोघांनीही भिंत माझ्यासमोर मोजलेली. मग एकेका शटरमागे अठरा मिलिमीटरचा फरक कसा?

मोजण्यात कुणाचंच चुकलं नव्हतं. पहिल्याचं शटर खोक्याच्या, म्हणजे कपाटाच्या सांगाड्याच्या, कडांवर चढून बसणार होतं, दुसऱ्याचं कडांच्या आत. धंद्यात पहिल्याला फुल ओव्हरले म्हणतात, दुसऱ्याला इनसेट, आणि या दोन्हींच्या मधला तो हाफ ओव्हरले. मायका कोणता, हँडल कसं, यावर घराघरांत आठवडेच्या आठवडे चर्चा होते. शटर कसं बसणार यावर सहसा कुणी बोलत नाही, कारण कोटेशनमध्ये ते एका शब्दात उरकलेलं असतं किंवा लिहिलेलंच नसतं. या सगळ्यातून गेल्यावर माझं ठाम मत झालंय की ऑर्डर देण्याआधी हेच ठरवायला हवं. यावरून शटरचं माप ठरतं, बिजागरीचा प्रकार ठरतो, ओट्याचा दगड किती पुढे काढायचा ते ठरतं आणि आत कोणत्या मापाची जाळी, म्हणजे बाहेर ओढायची तारेची टोपली, बसेल तेही.

आमचा फ्लॅट कोथरूडमधल्या जुन्या सोसायटीत आहे. एल आकाराचा ओटा, खाली कडप्प्याचे उभे दगड, वर काळा ग्रॅनाइट. शेगडीकडची लांब बाजू ठणठणीत होती. सिंककडची आखूड बाजू मात्र गळतीने पार खराब झालेली, तिथलं लाकूडकाम हातात तुटून येत होतं. म्हणून आखूड बाजू पूर्ण नवी करायची, लांब बाजूचा दगड तसाच ठेवून त्यात ट्रॉल्या बसवायच्या आणि वर भिंतीवर सहा फुटी कपाटं घ्यायची, असं ठरलं. एकाच स्वयंपाकघरात तीन तऱ्हेचे सांगाडे आले आणि त्यामुळे ओव्हरलेचा प्रत्येक प्रकार मला मुळापासून समजून घ्यावा लागला.

पहिलं कोटेशन शहराबाहेरच्या एका छोट्या कारखान्याचं होतं. तिथल्या डिझायनर मुलीने कागदावर दोन चौकोन शेजारीशेजारी काढले. "मॅडम, आमचा प्रत्येक खण म्हणजे स्वतंत्र खोका असतो. याची उजवी बाजू अठरा मिलिमीटरची, शेजारच्याची डावी बाजू अठराची. दोन्ही एकमेकांना चिकटल्या की समोरून छत्तीस मिलिमीटरची कड दिसते. ती झाकायला दोन शटर येतात, मध्ये तीन मिलिमीटरची झिरी. म्हणजे प्रत्येक शटर आपापल्या बाजूवर साडेसोळा मिलिमीटर चढतं." हा फुल ओव्हरले. खोका जवळजवळ पूर्ण झाकला जातो, समोरून फक्त शटर आणि त्यांमधल्या बारीक झिऱ्या दिसतात. हल्लीच्या बहुतेक मॉड्युलर किचनचं सपाट, सलग रूप यातूनच येतं.

दुसरं कोटेशन आमच्या ओळखीच्या सुतारकाकांचं. त्यांनी आधी सगळी शटर आत बसवायची असं धरलं होतं, कारण पाचसहा वर्षांपूर्वी आमचं देवघर त्यांनी तसंच केलं होतं आणि ते आम्हाला फार आवडलं होतं. वरची कपाटं बाहेरून झाकायची तर काय, असं विचारल्यावर त्यांनी वेगळाच मुद्दा काढला. "ताई, मी तीन खोके कशाला करू? सहा फुटांचा एकच खोका करतो, मध्ये दोन उभ्या फळ्या टाकतो. माल वाचतो, वजन कमी, भिंतीवर भार कमी." इथे मधली फळी एकच आणि तिच्यावर दोन शटर येणार, एक डावीकडून, एक उजवीकडून. अठरा मिलिमीटरच्या कडेत तीनची झिरी सोडली की उरले पंधरा, म्हणजे प्रत्येकाला साडेसात. हा हाफ ओव्हरले.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की फुल की हाफ ही बहुतेक वेळा आवडीनिवडीची बाबच नसते. शटर बाहेर ठेवायचं ठरलं की पुढचं उत्तर खोक्याच्या बांधणीतून येतं. खोके सुटे असतील तर फुल, बाजू सामाईक असेल तर तिथे हाफ. सहा फुटी कपाटात दोन्ही टोकांना फुल आणि मधल्या फळ्यांवर हाफ, असे दोन्ही प्रकार एकाच ओळीत येतात. समोरून पाहणाऱ्याला काहीच फरक दिसत नाही, सगळी शटर सारखीच दिसतात. फरक असतो आतल्या बिजागरीत.

सामाईक फळीचा आणखी एक हिशेब सुतारकाकांनी वहीच्या मागच्या पानावर मांडला आणि तो मला अजून पाठ आहे. १८०० मिलिमीटरच्या खोक्यात चार उभ्या फळ्या, म्हणजे ७२ मिलिमीटर गेले, उरले १७२८. तीन सारखे खण करायचे तर प्रत्येकी ५७६. पण तसं केलं तर शटर सारखी येत नाहीत, कारण कडेच्या शटरला टोकाची पूर्ण फळी झाकायची असते आणि मधल्याला अर्धीच. सगळी सहा शटर २९७ची हवी असतील तर फळ्या सरकवाव्या लागतात: कडेचे खण ५७३चे, मधला ५८२चा. आतला नऊ मिलिमीटरचा फरक डबे ठेवताना कुणाच्याही लक्षात येत नाही. बाहेर शटर लहानमोठी असती तर स्वयंपाकघरात येणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेला ते टोचलं असतं. काकांनी फळ्या सरकवल्या, आणि मला ते अगदी योग्य वाटलं.

सुतारकाका सुतात बोलतात, कारखान्यातली मुलगी मिलिमीटरमध्ये. आठ सूत म्हणजे एक इंच, म्हणून एक सूत साधारण तीन मिलिमीटरच्या थोडं वर. "एक सूत झिरी" आणि "तीन एमएम गॅप" हे प्रत्यक्षात एकच. पण दोघांचे कागद शेजारी ठेवून तुलना करायची असेल तर सगळं एका मापात लिहून घ्यावं. मी मिलिमीटर निवडले, कारण बिजागऱ्यांच्या खोक्यांवर तेच छापलेलं असतं.

बिजागऱ्या पाहायला मी भवानी पेठेत टिंबर मार्केटजवळच्या एका हार्डवेअरच्या दुकानात गेले, आणि ऑर्डर देणाऱ्या प्रत्येकाने एकदा जावंच असं मला वाटतं. दुकानदारांनी काउंटरवर तीन बिजागऱ्या ओळीने मांडल्या. तिन्हींचा कप सारखाच, ३५ मिलिमीटर व्यासाचा, शटरच्या मागच्या अंगाला साधारण बारा मिलिमीटर खोल खड्डा पाडून बसवायचा. वेगळा होता तो मागचा दांडा. त्याचं वळण म्हणजे क्रँक, तो मिलिमीटरमध्ये सांगतात. पहिलीचा सरळ, ती झिरो क्रँक, फुल ओव्हरलेसाठी. दुसरीचा थोडा बाक असलेला, आठ क्रँक, हाफसाठी. तिसरीचा कोपरात वाकवलेल्या हातासारखा चांगलाच वळलेला, सोळा क्रँक, आत बसणाऱ्या शटरसाठी. हेटिक आणि ब्लम हाफसाठी साडेनऊचा क्रँक देतात, बाकी काही कंपन्यांचे आकडेही मिलिमीटर-दोन मिलिमीटर इकडेतिकडे असतात, पण कल्पना तीच. दांडा जितका वळलेला, तितकं शटर कडेवरून मागे सरकतं आणि शेवटी कडेच्या आत जातं.

बिजागरीच्या या वळणाखेरीज आणखी दोन मापं शटर कडेवर किती चढेल ते ठरवतात. कपाचं भोक शटरच्या कडेपासून किती आत पाडलंय, हे एक. साधारण तीन ते सहा मिलिमीटर आत ते असतं, आणि एक मिलिमीटर जास्त आत घेतलं तर शटर एक मिलिमीटर जास्त चढतं. दुसरं, खोक्याच्या बाजूला जी प्लेट लागते तिची उंची. प्लेट एक मिलिमीटर उंच घेतली तर शटर तितकंच कमी चढतं. बसवल्यानंतर स्क्रू फिरवून शटर डावीउजवीकडे साधारण दोन मिलिमीटर हलतं. तेवढ्यात झिऱ्या सारख्या करता येतात, पण फुलचं हाफ होत नाही. नऊ मिलिमीटरचं अंतर स्क्रूने भरून निघत नाही. चुकीच्या क्रँकच्या बिजागऱ्या आल्या तर काही जण प्लेटखाली प्लायचा तुकडा घालून वेळ मारून नेतात. ते मला बिलकूल मान्य नाही. शटरचा सगळा भार त्या प्लेटच्या स्क्रूंवर असतो, आणि मध्ये तुकडा आला की स्क्रूची खोक्यातली पकड तितकी कमी होते.

घरी येऊन कारखान्याचं कोटेशन पुन्हा काढलं. तोवर त्यांनीही सहा फुटांचा एकच खोका करून दर सुधारून दिला होता, पण बिजागऱ्यांच्या ओळीत नुसतं "सॉफ्ट क्लोज" (शटर आपटू न देता हळू बंद करणारी) आणि नग एवढंच होतं. विचारलं तर उत्तर आलं, सगळ्या झिरो क्रँक. आमच्या वरच्या कपाटात सहापैकी दोनच शटर टोकाच्या फळ्यांवर लागणार होती, बाकी चार मधल्या सामाईक फळ्यांवर. त्या चारही शटरना हाफच्या बिजागऱ्या हव्यात, हे मी लिहून पाठवलं. डिझायनर मुलीने लगेच मान्य करून यादी बदलली. हे काम कागदावर होतं तेव्हा दोन मिनिटांत झालं. शटरला भोकं पडल्यावर हेच काम फार महागात गेलं असतं.

इंटरनेटवर या विषयावर भरपूर वाचायला मिळतं, पण तिथे एक अडचण येते. बरंचसं लेखन अमेरिकेतलं आहे, आणि तिथल्या अनेक कपाटांच्या तोंडाशी लाकडी चौकट असते. तिच्या उभ्या पट्ट्या साधारण दीड इंची. शटर त्या चौकटीवर किती चढतं ते इंचात सांगतात: अर्धा इंच, सव्वा इंच असं. अर्धा इंच चढणाऱ्या शटरच्या आजूबाजूला चौकट ठळक दिसत राहते, आणि तोही तिथे एक रूढ प्रकार आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या नणंदेने तिच्या किचनचे फोटो पाठवले, ते असेच होते. सुंदर होते, पण आपल्याकडच्या खोक्यांना तशी चौकट नसते, म्हणून ते आकडे इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. आपल्याकडचं मोजमाप अठरा मिलिमीटरच्या प्लायच्या कडेपासून सुरू होतं.

आता इनसेटविषयी. माझा जीव त्यातच अडकला होता. सासूबाईंचं माहेर राजापूरकडचं. तिथल्या जाड भिंतींमध्ये फडताळं आहेत, फणसाच्या लाकडाची, दारं चौकटीच्या आत, भिंतीशी अगदी समतल. तो नेटकेपणा बाहेरून झाकणाऱ्या शटरला येत नाही असं मला आजही वाटतं. पण सासूबाईच म्हणाल्या, "अगं, आषाढात ती दारं फुगून बसतात. लोणच्याची बरणी काढायची तर दोन्ही हातांनी ओढावं लागतं." सबंध लाकूड ओलावा धरतं आणि रेषांच्या आडवं फुगतं. प्लाय तसा फारसा फुगत नाही, कारण त्यातले थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात. पण एजबँड, म्हणजे कडेला चिकटवलेली पट्टी, सुटलेल्या कडेतून पाणी शिरलं तर त्याचीही कड जाड होते, आणि सिंकखाली ते व्हायला वेळ लागत नाही. दोन मिलिमीटरच्या झिरीत बसवलेलं शटर मग घासू लागतं.

सुतारकाकांचं म्हणणं कारागिराचं होतं. "आत बसवायचं तर चारी बाजूंनी झिरी सारखी दिसली पाहिजे. खोका अर्धं सूत जरी गुण्यातून, म्हणजे काटकोनातून, गेला, तरी बघणाऱ्याला पहिलं तेच दिसतं. बाहेरून झाकणारं शटर खोक्यातलं उणंदुणं पोटात घेतं." शिवाय इनसेटचे आणखी हिशेब असतात. शटर आत गेलं की खोक्याची वीस मिलिमीटर खोली त्यात जाते, म्हणून आतले कप्पे तेवढे मागे घ्यावे लागतात. बिजागरीची प्लेटही मागे सरकते: एरवी तिचे स्क्रू खोक्याच्या पुढच्या कडेपासून ३७ मिलिमीटरवर असतात, इथे त्यात शटरची जाडी मिळवायची. आणि नव्वद अंशांत उघडलेलं शटर आपल्या जाडीइतकी जागा तोंडाशीच अडवून उभं राहतं, त्यामुळे आतून बाहेर ओढायची जाळी त्याला अडते.

हे सगळं ऐकूनही मी इनसेट सोडला नाही. जेवणाच्या टेबलामागच्या क्रॉकरीच्या कपाटाला तो केला. तिथे पाणी नाही, ओढायची जाळी नाही आणि कप-बशा काढायला दिवसातून चारदाच दार उघडतं. काकांनी त्या कपाटाचे कर्ण दोन्ही बाजूंनी मोजून, खोका भिंतीवर अगदी ओळंब्यात बसवून मगच शटर कापायला घेतली. स्वयंपाकघरात मात्र इनसेटचा आग्रह धरू नये, असंच मी विचारणाऱ्याला सांगते.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते लांब बाजूने, जिथे जुना कडप्पा आणि ग्रॅनाइट तसाच ठेवायचा होता. पुण्यामुंबईकडच्या जुन्या घरांत हाच प्रसंग येतो, आणि चकचकीत शोरूममध्ये याचं उत्तर मिळत नाही, कारण तिथे दगड नसतोच.

दगडात बिजागरीचा स्क्रू बसत नाही, म्हणून प्रत्येक खणात प्लायचा खोका सरकवायचा आणि शटर त्या खोक्याला लावायचं. कारखान्याने सुचवलं, खोक्याची कड दगडाच्या तोंडाशी समतल ठेवा आणि शटर बाहेरून फुल ओव्हरले करा. कागदावर ते बरोबर दिसत होतं. पण दोन शेजारच्या खणांमध्ये कडप्प्याचा तीस मिलिमीटर जाड दगड होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना अठरा-अठराच्या प्लाय. म्हणजे एकूण सहासष्ट मिलिमीटर. दोन्ही बाजूंची शटर प्रत्येकी साधारण सतरा मिलिमीटर चढली तरी मध्ये तीस-बत्तीस मिलिमीटर दगड उघडा राहतो, आणि तोही शटरपेक्षा वीस मिलिमीटर मागे. त्या खाचेत पीठ, तेल, धूळ सगळं साठलं असतं.

त्याहून मोठी अडचण वरच्या दगडाची. आमचा ग्रॅनाइट कडप्प्याच्या तोंडापुढे जेमतेम इंचभर आलेला. अठरा मिलिमीटरचा प्लाय, बाहेरून एक मिलिमीटरचा मायका, आतून पातळ लायनर, असं मिळून शटर वीस मिलिमीटरच्या आसपास होतं. ते दगडाबाहेर बसवलं की ग्रॅनाइटच्या कडेपासून त्याचं अंतर उरतं पाच मिलिमीटर. ओटा पुसताना कडेवरून ओघळणारं पाणी थेट शटरच्या वरच्या कडेवर आणि हँडलवर पडणार. नव्या ओट्याला दगडाच्या खालून पाणी तुटायला खाच मारता येते आणि दगड हवा तितका पुढे काढता येतो. बसवलेल्या जुन्या दगडाला नव्याने इंचभर पुढे आणता येत नाही. कडप्पा काढून टाकून सगळे नवे खोके लावा, असाही एक सल्ला आला. पण शेगडीसाठी कापलेल्या भोकापाशी ग्रॅनाइटच्या पट्ट्या अरुंद असतात, आणि खालचा आधार काढताना तो तिथेच तडकण्याची भीती जास्त. ते मला नको होतं.

उत्तर सुतारकाकांनी काढलं. खोका दगडाच्या तोंडापासून बावीस मिलिमीटर आत सरकवायचा. शटर खोक्याच्या कडेवर फुल ओव्हरलेच बसेल, बिजागरी झिरो क्रँकच लागेल, पण शटरचा चेहरा दगडाच्या तोंडाशी समतल येईल. प्लायच्या हिशेबाने शटर बाहेर, दगडाच्या हिशेबाने आत. ग्रॅनाइटची इंचभर पुढे आलेली कड शाबूत राहते आणि पाणी शटरच्या पुढून सरळ खाली जातं. दोन शटरच्या मध्ये कडप्प्याची काळी उभी पट्टी दिसते, ती आम्ही घासून, पॉलिश करून तशीच ठेवली. मला ती आवडते. घराचा मूळ ओटा कसा होता ते त्यातून दिसतं.

यात जागा जाते हे खरं. आमच्या एका खणाची दगडातली रुंदी ५६० मिलिमीटर होती, तीही वरच्या बाजूला. खाली ती ५५६ भरली, कारण जुने दगड कधीच पुरते ओळंब्यात नसतात. सगळ्यात कमी माप धरून खोका बाहेरून ५५४चा केला. आतून तो ५१८ राहिला. जाळी ज्यांवर सरकते त्या दोन्ही बाजूंच्या टेलिस्कोपिक चॅनेलना अर्धा-अर्धा इंच सोडला की उरले साधारण ४९२. त्यात १९ इंची जाळी, म्हणजे ४८३ मिलिमीटरची, बसते. २१ इंची बसत नाही. जाळ्या बाजारात १५, १७, १९, २१ अशा ठरावीक मापांत मिळतात, त्यामुळे हा हिशेब जाळी घेण्याआधी करायचा असतो. आणि दगड जिथे थोडा बाहेर कललेला तिथे शटरच्या बाजूची झिरी रुंद झाली, पण काळ्या दगडाशेजारी ती सावलीतच जाते.

सिंकची आखूड बाजू त्या मानाने सोपी गेली. तिथे कारखान्याचे सुटे खोके, शंभर मिलिमीटर उंचीच्या पायांवर, सगळीकडे फुल ओव्हरले, आणि नवा दगड शटरपुढे चांगला बाहेर काढून त्याला खालून खाच. दोनच ठिकाणी थांबावं लागलं. एक, भिंतीला लागून येणारा खण. फुल ओव्हरलेचं शटर उघडताना त्याचं तोंड आणि हँडल बाजूला वळतं, आणि टाइल लावलेली भिंत खोक्याला चिकटून असेल तर शटर पुरतं उघडत नाही. तिथे मधली जागा भरणारी चाळीस मिलिमीटरची फिलर पट्टी घेतली. दुसरं, एलचा कोपरा, जिथे दोन बाजूंची शटर काटकोनात भेटतात. एकाचं हँडल दुसऱ्याच्या शटरवर आदळू नये म्हणून तिथेही दोन्हीकडे फिलर लागतो आणि तो हँडल किती पुढे येतं ते पाहून ठरवावा लागतो. फिलरने जागा वाया जाते असं घरात सगळ्यांनाच वाटलं. मी मात्र तो काढू दिला नाही.

सिंकखाली शटरमागे साबण-घासण्यांची ओढायची जाळी हवी होती. साध्या बिजागरीचं शटर ९५ ते ११० अंशांपर्यंत उघडतं, आणि फुल ओव्हरले असलं तरी उघड्या शटरची मागची बाजू किंवा बिजागरीचा फुगवटा थोडा आत राहतो. जाळी त्याला घासते. यावर दोन उपाय असतात: जाळी आणखी अरुंद घेऊन चॅनेलच्या मागे पॅकिंग द्यायचं, किंवा १६५ अंशांच्या आसपास उघडणाऱ्या बिजागऱ्या घ्यायच्या, ज्या शटरला तोंडापासून पूर्ण बाजूला नेतात. त्या महाग असतात, पण एकाच शटरसाठी घ्यायच्या होत्या म्हणून घेतल्या.

शेवटी ऑर्डरवर सही करण्याआधी मी एक तक्ता मागितला. प्रत्येक शटरची रुंदी-उंची, बिजागरी डावीकडे की उजवीकडे, तिचा क्रँक, कप कडेपासून किती आत, आणि शेजारच्या शटरपासून झिरी किती. डिझायनर मुलगी म्हणाली की हे सगळं त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये असतंच, गिऱ्हाईक फक्त मागत नाही. छापून दिलं तेव्हा ते एका पानात बसलं. सुतारकाकांनी आपल्या भागाचं तसंच पान हाताने लिहून दिलं, सुतांऐवजी मिलिमीटरमध्ये.

बसवायला आलेल्या दोघा मुलांनी आधी सगळी शटर नुसती टांगली आणि मग एकेक स्क्रू फिरवत झिऱ्या सारख्या केल्या. शटर बाजूला हलवणारा स्क्रू कोणता, आतबाहेर करणारा कोणता आणि वरखाली कुठून करायचं, हे मी त्यांच्याकडून शिकून घेतलं. वापरात शटर थोडी बसतात आणि काही महिन्यांनी झिऱ्या तिरक्या दिसू लागतात. तेव्हा हातात स्क्रूड्रायव्हर असला की कुणाला बोलवावं लागत नाही.

सिंकखालच्या दुसऱ्या शटरची एक बिजागरी मध्यंतरी गंजली. तिथे सुरुवातीलाच स्टेनलेस स्टीलची मागायला हवी, असं आता मी सगळ्यांना सांगते. दुकानात गेल्यावर तक्ता उपयोगी पडला: झिरो क्रँक, कप पाच मिलिमीटर आत. दुकानदारांनी दुसऱ्या एका कंपनीची झिरो क्रँक पुढे केली, पण ती लागणारी नव्हती. कप सगळ्यांचाच ३५चा असला तरी त्याच्या दोन बाजूंच्या स्क्रूंची अंतरं कंपनीगणिक वेगळी असतात, ४५, ४८ किंवा ५२ मिलिमीटर, आणि एकाचा दांडा दुसऱ्याच्या प्लेटवर अडकतोच असं नाही. आधीच्याच कंपनीची स्टेनलेस घेतली, आणि तिच्यासोबत वरच्या कपाटांसाठी आठ क्रँकच्या दोन जास्तीच्या घेऊन ठेवल्या.